मेक्सिकन टाको आणि बाबांचं नको

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून नोएडाला आणलं, ते कायमचं म्हणून. पंधरा दिवसांत ते निम्मे झाले. एक पोळी खायचे, "अजून?" म्हटलं की "नको" म्हणून उठायचे. मी म्हणायचे, ठीक आहे, पोट त्यांचं आहे. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "शनिवारचं तिकीट काढलंय. परत जातो." रिकाम्या घरात! या गृहस्थांना चहासुद्धा करता येत नाही.

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. चव बदलली तर मन बदलेल, या खुळ्या आशेने मी त्यांना आमच्या सेक्टरच्या मार्केटात नुकत्याच उघडलेल्या मेक्सिकन हॉटेलात नेलं. भिंतीवर निवडुंग, स्पीकरवर पंजाबी गाणी. उघडल्याच्या खुशीत टाको अनलिमिटेड. आमचे वेटर माझ्याच वयाचे एक मिशीवाले गृहस्थ, डोक्यावर सुपाएवढी हॅट.

बाबांनी टाको उलटसुलट पाहिला. "कडक पापडात राजमा भरलाय, वर कोशिंबीर. यासाठी मेक्सिको कशाला हवा?" पण खाल्ला.

"अंकल, एक और?"

"नहीं, नहीं."

नको तर नको, म्हणून मी फोन काढला. मिशीवाले हलले नाहीत. "अरे, एक से क्या होता है?"

"बस, बिल्कुल नहीं."

"मेरी कसम, अंकल." आणि टाको सरळ ताटात. बाबांनी "अरे अरे" करत ताटावर हात आडवा धरला होता, पण बोटांत भरपूर फट ठेवून. असे चार टाको गेले. वर चटणी मागवली.

मी बघतच राहिले. आमच्याकडे पातेली टेबलावर, ज्याने त्याने वाढून घ्यावं, अशी सुधारलेली पद्धत. पहिलं नको नुसतं म्हणायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी पंधरा दिवस मी बापाला पहिल्याच नकोवर अर्धपोटी उठवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, भूक आहे म्हणून सांगायचं नाही का?"

"तुझी आई तीनदा विचारायची," ते हॅटकडे बघत म्हणाले. "मागून खायची सवय नाही गं."

दुसऱ्या दिवशी मी पोळ्यांचा डबा घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. तीन पोळ्या गेल्या. मग म्हटलं, "बाबा, तिकीट रद्द करते. राहा इथेच."

"नको," ते म्हणाले.

मी आणखी दोनदा म्हटलं.