दवात भिजलेला बरसीम

बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर कान्हा आणि त्याची बायको तानी राहतात. पूर्वी भात कापून झालं की त्यांची गुरं कुणाच्याही मोकळ्या शेतात चरायची. आता तिथे प्लॉट पडले, पत्र्याची कुंपणं आली. म्हणून त्या वर्षी कान्हाने हिवाळ्याचा चारा पेरायचं ठरवलं.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात हरेशशेठच्या तबेल्यात तो पेंढा द्यायला जायचा. तिथल्या म्हशी हिरवागार बरसीम, मेथीसारखा लुसलुशीत चारा, खाताना त्याने पाहिल्या होत्या, आणि तेच डोक्यात बसलं. बदलापुरात बियाणं घेताना दुकानदार म्हणाला, "नुसता बरसीम नको, निम्मा ओट मिसळा. आणि दवात, उपाशीपोटी गुरं सोडू नका, पोट फुगतं." तानीनेही तेच सांगितलं. पण ओटाच्या गवतासारख्या पात्यात कान्हाला काही दम दिसेना. विहिरीचं पाणी होतंच. त्याने अख्ख्या शेतात बरसीम टाकला.

भाऊबीजेला शिरगावहून त्याची धाकटी बहीण जनी ओवाळायला आली. तिच्या गोठ्यात तीन गाई होत्या आणि चरायला टीचभर माळ उरला नव्हता. कान्हा म्हणाला, "तांबू गाभण आहे ना? चारा वर आला की तिला इकडे आण. माझ्याकडे राहू दे."

पौषात बरसीम गुडघ्याएवढा झाला आणि तांबू आली. कान्हा तिला आधी पेंढा घालायचा, मग दव सुकल्यावर थोडा वेळ चरायला सोडायचा. आठवडाभर सगळं नीट चाललं.

मग जनीचा निरोप आला, सकाळी तांबूला बघायला येते. आपली गाय हिरव्या रानात उभी दिसली तर बहिणीला किती बरं वाटेल! कान्हाने उजाडताच, पेंढा न घालताच, तांबूला एकटीला शेतात सोडलं. पानं दवाने निथळत होती. तानी तेव्हा पाण्यावर गेली होती.

जनी आली तेव्हा गाईची डावी कूस ढोलासारखी टम्म झाली होती. तानीने तेल पाजलं, कान्हाने तिला फिरवायचा प्रयत्न केला, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर वाटेत असतानाच तांबू खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

जनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "दादा, पेंढा घातला होतास ना रे?"

"घातला होता गं," कान्हा म्हणाला. गव्हाणीत पेंढ्याची काडीही नव्हती, हे तानीने पाहिलं होतं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"मग तिकडूनच आजार घेऊन आली असंल," जनी म्हणाली. "माझ्याच गोठ्यात दोष हाय."

कान्हा कुदळ आणायला वळला. त्या रात्री तानी फक्त एवढंच म्हणाली, "अहो, जाऊन सांगा तिला." तो उद्या-उद्या करत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने ओट जास्त पेरला, बरसीम थोडाच. गुरं धष्टपुष्ट झाली. पाड्यातली माणसं बी मागायला येऊ लागली, तसं जनी आठवून त्याला घरात बसवेना. एक दिवस तो शिरगावला गेला.

जनीच्या गोठ्यात आता मोटारसायकली उभ्या होत्या. जनी शेजारच्या सोसायटीत जिने पुसून नुकतीच परतली होती. तिने चहा टाकला. कान्हाने कप हातात धरूनच सगळं सांगितलं.

जनी म्हणाली, "गाय गेली त्याचं नाय रे एवढं. चूक कुणाचीही होते. पण दोष माझ्या गोठ्यात हाय म्हणून मी बाकीच्या दोन्ही विकल्या. तू तेव्हाच बोलला असतास तर आज त्या हितंच असत्या."

कान्हाला वाटलं, नवीन गाय आणून देतो म्हणावं. पण आता चरायला रान नव्हतं, बांधायला जागा नव्हती. जनीने त्याच्या हातातला थंड झालेला चहा घेतला आणि गरम करायला ठेवला.