एक ओळ वर

एस्तेरमावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चर्चमधून थेट तिच्याकडेच निघालो होतो. रविवारी उपासना सुटली की सात रस्ता चौकाजवळच्या तिच्या दोन खोल्यांत चहा, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाद, हा आमचा वीस वर्षांचा नेम. ती आईची धाकटी बहीण, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. नवरा लवकर वारला. त्याच्या हयातीत तिनं त्याचा शब्द मोडल्याचं कुणी पाहिलं नाही, आणि त्यानं तिचाही.

वादाचं मूळ माझ्या घरात होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, शालिनीला, मंगळवेढ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. रोजचा एसटीचा प्रवास, मग घर कोण बघणार, असं आईचं म्हणणं. माझंही तेच, पण तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेत घरचा कर्ता शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतो आणि मधे कुणी बोलत नाही. शनिवारी मी नेमका बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं हा भाग काढला. शालिनी आमेन म्हणाली आणि नोकरीची ऑर्डर घडी करून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी हे मी मावशीला जरा ऐटीतच सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. "कुठनं वाचलास?"

"तो भाग सुरू होतो तिथून. लग्नातही तिथूनच वाचतात."

"लग्नात वाचणारे बी पुरुषच की. एक ओळ वर जा. तितं सगळ्यांनाच सांगितलंय, एकमेकांच्या अधीन व्हा म्हणून. तू शालिनीच्या कवा होणार?"

मी चिडलो. त्याच भागात नवऱ्याला बायकोचं मस्तक म्हटलंय, घराला एक मस्तक लागतं वगैरे बरंच बोललो.

"लागतंच की. पण त्यानं बायकोसाठी जीव द्यायचा, असं बी खाली लिवलंय. तू तर सांजचा स्वयंपाक करायला तयार न्हाईस." मग हळूच म्हणाली, "तिला रुजू व्हायला गुरुवारपर्यंत मुदत हाय न्हवं? अजून चार दिस हायत."

मी घरी गप्प राहिलो... आणि गुरुवार गेला. पुढं मस्तक आणि अधीनता यावर आम्ही लई भांडलो, पण मंगळवेढ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

परवा तिच्या मुलीनं मावशीची शास्त्राची प्रत मला दिली. त्याच भागाच्या पानावर खुणेचा लाल दोरा होता, आणि वरच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ. मी ती शालिनीला दाखवली आणि चुकलं म्हणालो. तिनं हात पुसून पान पाहिलं.

"मला ठाऊक आहे. मावशींनी त्याच सोमवारी येऊन दाखवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या म्हणाल्या, त्याला कळलंय, तो आपणहून येईल. मी गुरुवारपर्यंत वाट बघितली."

ती प्रत आता प्रार्थनेच्या टेबलावर असते. संध्याकाळी शालिनी वाचते. मी मधे बोलत नाही.