दुसऱ्या मजल्याचं लॅटिन

आमच्या मायाआत्याने बासष्टाव्या वर्षी लॅटिन शिकायला घेतलं, तेव्हा घरात कोणी हसलं नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही. ती वरळीच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि तोंडावर हसणाऱ्याला पुढचे सहा महिने चहा विचारत नाही. मी तिचा भाचा विकास. चहाचा पक्का शौकीन असल्यामुळे मी जिन्यात जाऊन हसून घेतलं.

परळच्या एका इस्पितळात, रेकॉर्ड विभागात, तिने तेहतीस वर्षं हाडांची आणि आजारांची लॅटिन नावं फायलींवर सुबक अक्षरात उतरवली. अर्थ विचारला की म्हणायची, "मी अक्षर काढते, आजार नाही." पण अर्थ कळत नाही हे तिला आतून खात असे.

त्याचं मूळ आठवीत होतं. संस्कृतच्या वर्गात बसायला पासष्ट टक्के लागत, आत्याला एकाहत्तर होते. ती जाऊन पहिल्या बाकावर बसली. मास्तरांनी तिला उभं केलं आणि विचारलं, "घरी कोण घेणार तुझा अभ्यास?" वडील गिरणीत, आईला सहीसुद्धा येत नव्हती.  आत्या दप्तर उचलून शेजारच्या वर्गात गेली. हे ती हसत हसत सांगते. मला मात्र दरवेळी राग येतो, आणि मास्तर आता भांडायलासुद्धा हयात नसणार, याचाही येतो.

"मग आता संस्कृतच शिक की," मी म्हटलं.

"ज्या घरातून उठवलं तिथे परत कशाला जायचं? संस्कृतच्या परदेशातल्या बहिणीकडे जाते."

ही बहीण दादरच्या एका वाचनालयात दर शनिवारी भेटे. शिकवायला सुमती विजयकर, गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या, निवृत्त प्राध्यापिका. बोलणं इतकं शुद्ध की समोरचा आपोआप सरळ बसतो. वर्गात चोवीस जण. चार महिने फक्त नामं, मग परीक्षा, आणि पहिले दहाच पुढच्या वर्गात. आत्याने मला बजावून सांगितलं, "या वयात मला परत कुणी शेजारच्या वर्गात पाठवलं ना, तर मी पुन्हा वही उघडणार नाही." ती बोलते तसंच करते, म्हणून मला काळजी वाटली.

लॅटिन नामाचं दुखणं तसं ओळखीचं. आपण घर, घराला, घराने म्हणतो, तसंच तिथेही काम बदललं की शब्दाची शेपटी बदलते. शाळेत 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नाही. घोकायला मिळालं तर. सुमतीबाईंना घोकणं खपत नसे. "ओठ हलवू नका, मायाताई. तक्ता डोळ्यांसमोर आणा." आत्याच्या डोळ्यांसमोर तक्ता येईना, बाईच येत. दोन चाचण्यांत वीसपैकी आठ आणि नऊ.

तेव्हा तिने आपली पद्धत काढली. तिला लहानपणापासून जे काही पाठ आहे, ते विहारात बसून पाठ झालेलं. एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. तिने गुलाबाचा, म्हणजे 'रोसा' या शब्दाचा, तक्ता सरळ वंदनेच्या चालीत बसवला. "रोसा... रोसाय... रोसाय... रोसाम..." दुपारी चारला, दार अर्धं लोटून, डोळे मिटून, भसाड्या पण भक्तिभावाच्या आवाजात.

बीडीडीचा पॅसेज मधोमध, दोन्ही बाजूंना खोल्या. आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, चाल तेवढी कळते. आता, गणपतकाका, म्हणजे आत्याचे यजमान, आदल्याच आठवड्यात छातीत दुखलं म्हणून तीन दिवस इस्पितळात राहून आलेले. आमच्यात कुणी गेलं की घरी वंदना म्हणतात; भर दुपारी त्यांच्या दारातून ती ऐकू आल्यावर समोरच्या सुभद्राकाकूंनी काय समजायचं? त्यांनी पांढरी साडी नेसली, डोळे पुसले आणि मजल्यावर निरोप फिरवला. शेजारचा रघु हार आणायला धावला. एका फोनवर मीही भोईवाड्याहून टॅक्सीने निघालो, रडत.

पोचलो तेव्हा पॅसेजमध्ये माणसं पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसली होती आणि आत्याच्या मागून एका सुरात म्हणत होती, "रोसारुम." रीतच आहे, पुढे कुणी म्हणत असेल तर मागून म्हणायचं. आत्या डोळे मिटून इतकी तल्लीन, की हा आवाज कुठून येतो याचंही तिला भान नव्हतं.

तेवढ्यात काका झोपेतून उठून बनियनवर दारात आले. "चहा टाकते का कोण?"

रघुने हार पाठीमागे लपवला. मग सुभद्राकाकू म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही आहात?"

"आहे ना. का, कुठे जायचं होतं?"

रघुच्या हातातला हार शेवटी बुद्धमूर्तीला घातला. मी काकांना मिठी मारली, ती त्यांना अजिबात आवडली नाही. सुभद्राकाकू मात्र आत्यावर उखडल्या. "मग तू म्हणत काय होतीस एवढा वेळ?"

"लॅटिन. गुलाबाचं."

"आणि आम्ही पण म्हटलं ते?" काकूंनी पदर सावरला. "मग अर्धवट कशाला ठेवतेस? पुढचं सांग."

त्या दिवसापासून रोज चारला मजला भरू लागला. काकांना मागून म्हणायला नको होतं, म्हणून त्यांच्याकडे चहा आला. महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावर कुणालाही झोपेतून उठवून गुलाबाचं अनेकवचन विचारता आलं असतं. अर्थ विचारणाऱ्याने मात्र मार खाल्ला असता.

परीक्षेला मीच आत्याला दादरला सोडलं आणि दाराशी थांबलो. लिहिता लिहिता तिचं पेन अडलं. ओठ हलायला लागले. सुमतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं.

"मोठ्याने म्हणा," बाई म्हणाल्या.

आत्याने डोळे मिटले आणि चालीत सुरुवात केली. एक रूप, मग गप्प. पुढचं रूप, मग गप्प. दहाही रूपं बरोबर.

"मध्येमध्ये थांबता का?"

"मागून म्हणायला जागा सोडते."

बाई पहिल्यांदाच हसल्या. टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, "घरी कोण घेतं तुमचा अभ्यास?"

दारातून मी एक पाऊल आत टाकलं. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. पहिल्या बाकावरच बसली होती ती. या वेळी उभी राहिली नाही.

"अख्खा दुसरा मजला," ती म्हणाली, आणि राहिलेलं लिहायला वही पुढे ओढली.