दोन बोटं माया

आमच्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम असला की मदत करणाऱ्यांना स्टेजवर बसवतात. नारळ, शाल, गुलाबाचं फूल. मग माईक फिरतो आणि प्रत्येकाला विचारतात, तुम्ही या मुलींसाठी का करता? मांडववाला दरवर्षी म्हणतो, समाजाचं देणं लागतो. छापखानेवाला म्हणतो, आईवडिलांचे संस्कार. मी म्हणते, मला शिवण येतं, ते शिकवते, त्यात काय मोठं! लोक टाळ्या वाजवतात. आम्ही तिघंही खोटं बोलतो आणि बोलताना एकमेकांकडे बघत नाही.

संस्था म्हणजे तरी काय, बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्यापासून जरा आत पत्र्याच्या चार खोल्या आणि एक मोठं लोखंडी फाटक. कोवळ्या वयात लग्न लागत असताना कुणीतरी थांबवलेल्या, घरी ठेवायला कुणी नसलेल्या अशा पंधरा-वीस मुली तिथं राहतात. चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. मी आठवड्यातून दोनदा जाते. बारामतीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. वडिलांचंही टेलरिंगच. आम्ही मुसलमान, त्यामुळे गिऱ्हाईक मला भाभी म्हणतं, आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या दोन पिढ्या मी शिवलेल्या ब्लाऊजांत बोहल्यावर उभ्या राहिल्या आहेत. याचा मला फार अभिमान होता.

त्या अभिमानाचं काय झालं ते स्टेजवर सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

पणदऱ्याकडच्या एका वस्तीवरून एक बाई दोन मुलींना घेऊन आली. थोरलीचं लग्न ठरलं होतं, पाच ब्लाऊज शिवायचे होते. धाकटी दुकानाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मी टेप लावला की थोरलीला गुदगुल्या व्हायच्या. ती हसायची, खांदे उचलायची, आणि माप चुकायचं. तिच्या तळहातावर बॉलपेननं कसलीतरी गणितं लिहिलेली होती.

"आता नवऱ्याचं नाव लिही की हातावर," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही. ती अजून हसली.

निघताना आई म्हणाली, "भाभी, माया भरपूर ठिवा. आजून अंग भरायचंय पोरीचं."

शिलाईच्या आत जो जास्तीचा कपडा दुमडून सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. बाईचं अंग भरलं की टीप उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची, ब्लाऊज पुन्हा अंगाला बसतो. एरवी मी एक बोट ठेवते. त्या पाचही ब्लाऊजांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं ठेवली. नवरी अजून वाढायची आहे, असं तिची आई माझ्या तोंडावर सांगत होती, आणि मला ऐकू काय आलं, तर गिऱ्हाईक जाणकार आहे. मी कपडा वाचवून बसवला म्हणून स्वतःवर खूश झाले.

गणपतीच्या सुमारास तीच बाई त्यातला एक ब्लाऊज घेऊन परत आली. धाकटी बरोबर होतीच. "सातवा लागलाय तिला," आई म्हणाली, "सगळी माया उसवून द्या." मी कात्रीच्या टोकानं टीप काढत बसले. दोन्ही बाजूंची दोन-दोन बोटं बाहेर आली. आता पुढं काही उरलं नाही, असं मी म्हणालेही. तेव्हा माझ्या डोक्यावर, आरशाशेजारी, संस्थेच्या बाईंनी लावलेला कागद होता. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न दिसलं तर कळवा, असं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. बाई लावू द्या म्हणाल्या, मी लावू दिला. मी तो वाचलेला नव्हता असं मला म्हणता येणार नाही. रोज केस विंचरताना तो समोर असायचा.

तिसऱ्यांदा ती बाई आली ती मार्गशीर्षात कधीतरी. अंगानं अर्धी झाली होती. तोच ब्लाऊज तिनं मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो धाकटीच्या मापाचा करून द्या. आंगात बराच कमी करावा लागंल."

"का? थोरलीला नको झाला?"

"थोरली गेली की भाभी. बाळतपणात. दवाखान्यात न्हेताना वाटंतच." मग ती लगेच, जणू ते समजावून सांगायलाच हवं अशी बोलायला लागली. "पोरगी झालीया. तान्ही हाय. जावई म्हनतोय, मावशीच आई झाली तर लेकरू परक्याच्या हातात जात न्हाय. आमालाबी ते पटलं."

धाकटी पायरीवर होती. चौदा संपून पंधरावं लागलेलं. या खेपेला ती शेंगा सोलत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या बाईचा मला राग यावा असं मला फार वाटत होतं, पण राग आला नाही. एक पोर गमावलेली बाई होती ती, आणि दुसरीला कामावर जाताना वस्तीवर एकटी कशी ठेवायची या भीतीनं गांगरलेली. मी म्हणाले, गुरुवारी या. आणि त्या गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून संस्थेच्या बाईंना फोन केला.

लग्न पळसदेवच्या बाजूला होतं. धरणाचं पाणी उतरलं की जी जमीन उघडी पडते तिच्या काठाला मांडव घातला होता. मी गेले नाही. जे कळलं ते मांडववाल्याकडून. संस्थेच्या बाई आणि पोलीस पोचले तेव्हा नवरीला हळद लागली होती. सगळ्या बायका रडायला लागल्या, एकटी तीच रडली नाही. ती तान्हीला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती आणि बाळाच्या गालाला हळद लागली होती.

"भाभी, मी वय इचारलंच न्हाय," मांडववाला मला सांगत होता, साठीकडे झुकलेला माणूस, कपाळावर घाम. "बांबू रवले, पडदं लावलं. केस झाली असती तर माझंबी नाव आलं असतं." पुढच्या आठवड्यात त्यानं संस्थेत खुर्च्या आणि ताडपत्र्या पाठवल्या, न मागता. त्या लग्नाची पत्रिका छापणारा छापखानेवाला वह्या घेऊन आला. मी मशीन दिलं आणि शिकवायला जाऊ लागले. तिघांनीही आपापल्या दुकानात पाटी लावली, नवरीचा जन्मदाखला दाखवल्याशिवाय ऑर्डर घेतली जाणार नाही. हे आमचे संस्कार. भीतीपोटी केलेलं बरं काम बरंच असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या खुर्च्यांवर मुली बसून अभ्यास करतात, एवढं दिसतं.

धाकटीला संस्थेत आणलं. माझ्या पहिल्या तासाला ती मशीनला हात लावेना. बाकीच्या पायडल मारायला शिकत होत्या आणि ही भिंतीला टेकून उभी. मी म्हणाले, ये की गं, चावत नाही ते.

"तुमीच फोन केला न्हवं?" ती म्हणाली. "ब्लाऊज तुमच्याकडंच व्हता."

मी हो म्हणाले.

"ताईचा सैल करताना का न्हाय केला?"

मी तोंडाळ बाई. दुकानात कुणाला शेवटचा शब्द बोलू देत नाही. त्या दिवशी मी मशीनपुढचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती आली, मशीनवर बसली आणि सरळ टीप मारायला लागली. पुढं तिनं तो प्रश्न कधीच विचारला नाही, आणि मीही एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकवला नाही.

मग रविवार सुरू झाले.

दर रविवारी सकाळी तो फाटकाशी यायचा. तिचा मेहुणा. तिशीही न गाठलेला, स्वच्छ शर्ट, मोटरसायकलच्या टाकीवर पोरगी. आधी ती कुशीत मावायची, मग बसायला लागली, मग फाटकाचे गज धरून उभी राहायला लागली. तो कधी आवाज चढवून बोलला नाही. सगळ्या मुलींसाठी केळी आणायचा. वॉचमनला तात्या म्हणायचा. मी रविवारी कधी गेले तर हात जोडायचा, "बऱ्या हाय न्हवं भाभी?" त्यानं शिव्या दिल्या असत्या तर पोलिसांत जाता आलं असतं. तो फक्त यायचा, पोरीला मावशीला भेटवायचा, आणि जाताना एकच वाक्य बोलायचा. पहिल्या वर्षी, "आजून तीन वरसं." मग, "आजून दोन." त्यात धमकी नव्हती. फाट्यावर एसटीची वाट बघणारा माणूस बोलतो तसं बोलायचा. मला मात्र सोमवारपासून रविवारची धास्ती असायची.

ती भेटायची. बाईंनी एकदा विचारलं, भेटायचं नसेल तर बंद करू या. ती म्हणाली, पोरीनं काय केलंय? दहावी झाली, बारावीला बसली. माझ्यापेक्षा सुबक काज करायला लागली. मी बाईंना म्हणत असे, ही माझं दुकान चालवेल, बघाच. मी तिचं नाव पाटीवर कसं लिहायचं इथपर्यंत ठरवून ठेवलं होतं.

शेवटच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तिथं होते. त्यानं पोरीला छोटं हिरवं लुगडं नेसवून आणलं होतं. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला मळवट. चौथं वर्ष लागलेलं.

"नवरी दिसती का न्हाय?" तो कौतुकानं म्हणाला. "माझ्या थोरल्या भनीनं आत्ताच मागून ठिवलीया, तिच्या पोरासाठी. म्या म्हनलं, ने. घरातल्या घरात."

वॉचमन हसला. मीही हसले. सवयीनं. ते हसू तोंडावर आलं तेव्हाच मला माझी किळस आली. धाकटी हसली नाही. तिनं गजांतून हात घालून पोरीचं मनगट धरलं होतं आणि ती त्या बांगड्या एकेक करून मागं सारत होती.

त्याच दिवशी तिनं बाईंना विचारलं, पोरीला इथं आणता येईल का? बाई म्हणाल्या, "बाप जिवंत आहे, सांभाळतोय, मारत नाही, उपाशी ठेवत नाही. लहानपणी बोलून ठेवलं म्हणून पोर काढून घेता येत नाही. कुठलं कारण दाखवू मी?" तिनं मान डोलावली. त्यानंतर ती अभ्यास करायची, शिवायची, पण पोरीबद्दल पुन्हा काही विचारेनाशी झाली. मला वाटलं, परीक्षेचं दडपण.

शिमगा झाला आणि तिला अठरा पुरी झाली. आठ-दहा दिवसांनी मांडववाला माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिला.

"ती आलती," तो म्हणाला. "सोता. एकटी. दाखला टेबलावर ठिवला, माझी पाटी वाचून दाखवली, आन म्हनली, लहानसाच मांडव लागंल. दाखला बरोबर हाय, भाभी. मी आता काय करू?"

मी हातातलं काम टाकून रिक्षानं संस्थेत गेले. ती पिशवीत कपडे भरत होती. मी तिला नाही नाही ते बोलले. अक्कल गहाण टाकलीस का, इतकी वर्षं आम्ही झक मारली का, ज्या घरानं बहीण खाल्ली त्याच घरात चाललीस. मग ओरडून दमले आणि रडले. दुकान घे, म्हणाले. माझ्या घरी राहा. त्याला कसलंही उत्तर देऊ नकोस, मी देते.

ती घड्या घालत राहिली. "तुमच्या बोलन्याचं वाईट न्हाय वाटत मला," ती म्हणाली. "पर फोन करायला घरात कुनीतरी लागतंय, भाभी. भायेरच्याला उशिरा कळतं."

मी खाटेवर बसले. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

"आन त्यो?" मी विचारलं.

"त्यो हायच की," ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली. मग माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "पंधरा वरसं. तिला शिकवीन, अठरा पुरी करीन. कुनी आदी हात लावला तर पयला फोन तुमालाच. ती सुटली की मी माघारी येती. माझी जागा तेवडी ठिवा."

"व्हय," मी म्हणाले.

पंधरा वर्षांनी मी अडुसष्टची असेन. बाई माझ्याहून मोठ्या. बाईंनी आता गुडघ्यांचं दुखणं अंगावर काढणं सोडलं आहे, वेळेवर गोळ्या घेतात. मी सकाळी चालायला जाते. मांडववाल्यानं तंबाखू सोडली.