यंदा कर माफ

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. चहा सांडला तर मी जबाबदार नाही. असा गाढवपणा माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच होतो, आणि तोही नेमका सासुरवाडीत!

मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, राहतो जुळे सोलापुरात. लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. सासुरवाडी मंगळवेढ्याच्या पुढं, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या माणसांची. आमच्या घरी मात्र आईवडील माळकरी. अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आई फरशी पुसून घेते. आणि मी? हॉस्टेलला गेल्यापासून मटणाचा निस्सीम भक्त. हे गुपित फक्त बायकोला, अश्विनीला ठाऊक. तिनं दिवाळीपासूनच सांगून ठेवलं होतं, "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बोकड पडतो. खाऊन बघा, मग बोला."

त्या बोकडाच्या आशेवर मी जगत होतो म्हणा ना. गेल्या गेल्या त्याचं दर्शन घेतलं. अंगणात कडबा खात उभा होता, काळाभोर, अंगानं भरलेला.

आता दुसरी बाजू ऐका. फेब्रुवारीच्या एक तारखेला केंद्राचा अर्थसंकल्प. कॉलेजात त्यावर माझं भाषण ठरलेलं, विषय 'कर आणि तूट'. सरकारची कमाई कमी, खर्च जास्त, मधली तूट कर्ज काढून भरायची आणि त्या कर्जाच्या व्याजासाठी पुन्हा कर्ज. डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. एस.टी.त शेजारच्या आजीबाईंनासुद्धा मी वित्तीय तूट समजावून सांगितली. त्या पुढच्याच थांब्यावर उतरल्या.

संक्रांतीच्या संध्याकाळी अंगणात भावकी जमली. चुलत सासरे भीमातात्या तंबाखू मळत मला म्हणाले, "जावईबापू, यंदा करीचं कसं करायचं म्हनता?"

मी हरखलोच. पगार घेऊन शिकवतो तिथं पोरं झोपतात, आणि इथं माणसं आपणहून विचारताहेत! फक्त एक गोष्ट खटकली, ती मास्तरकीच्या सवयीनं लगेच सुधारली. म्हटलं, तात्या, करीचं नाही, कराचं. कर हा पुल्लिंगी. तात्यांनी माझ्या सासऱ्यांकडं, म्हणजे मामांकडं, पाहिलं. मामा म्हणाले, शिकल्यालं मानूस हाय, आसंल तसं.

मग तात्यांनी गाऱ्हाणं मांडलं. गेल्या साली लई तूट आली. शेवटच्या माणसाच्या वाट्याला काही उरलंच नाही. काही घरं द्यायच्या वेळी हात आखडतात आणि घ्यायला सगळ्यात पुढं. वर बाहेरगावच्यांचा भार वेगळाच.

अहो, मी थक्क! करचुकवेगिरी, अनुदानाची गळती, शेवटच्या माणसाची उपेक्षा, सगळं आलं की यात. माझं निम्मं भाषण तात्यांनी जमिनीवर बसून करून टाकलं होतं.

"मग वाढवायची का यंदा?" मामांनी विचारलं.

इथं मी उभाच राहिलो. कर वाढवला की कष्ट करणारा खचतो, तूट भरायला कर वाढवणं हा आळशाचा उपाय, असं बरंच काही बोललो आणि शेवटी म्हटलं, "माझं ऐकाल तर यंदा कर माफच करून टाका."

तात्यांचा तंबाखू मळणारा हात थांबला. मला वाटलं, विचार खोलवर पोचला.

"माफ म्हंजी, न्हाईच?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"नाहीच. सरसकट."

"आन तूट?"

म्हटलं, कर नसला की पैसा लोकांच्या हातात राहतो, हातातला पैसा फिरतो, तूट आपोआप मिटते. तात्यांनी बराच विचार केला. "त्ये बी खरंच की. न्हाईच केली तर तूट कुटनं येनार?"

ज्या प्रश्नावर मोठमोठे अर्थतज्ज्ञ भांडतात, त्याचा निकाल तात्यांनी चिमूट तोंडात टाकता टाकता लावला. भारावून मी त्यांच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ उरकून, मुद्दाम सैल नाडीचा पायजमा घालून तयार झालो. पण घरातून वास आला तो हुलग्याच्या शेंगोळ्यांचा. बाहेर बघतो तर बोकड निवांत कडबा चघळतोय, कपाळाला कुंकू. मी म्हटलं, तयारी चाललेली दिसते.

अश्विनीनं चहाचा कप माझ्यापुढं आदळला. "कर माफ केलीत म्हणे तुम्ही."

"केला," मी सुधारलं.

"केलीत! सणाच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. ती कर. करीला घरटी वर्गणी काढून मटण असतं. भावकीतली पोरं वर्षभर वाट बघतात, आणि तुम्ही उभं राहून सरसकट माफ केलीत."

धावत मामांकडं गेलो. म्हटलं घोटाळा झाला, मी सरकारबद्दल बोलत होतो, मी मटण खातो, अगदी मनापासून खातो. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आमच्यासाटनं आसं खोटं बोलू नगा, जावईबापू. तुमी माळकऱ्याच्या घरातलं. जिवाला लागलं म्हनून तुमी आडून सांगितलं, येवढं कळतंय की आमाला. बोकड सोडला बगा देवाच्या नावानं."

म्हणजे कुंकू त्याचं होतं! देवाला सोडलेल्या बोकडाला सुरी लागत नाही, एवढं तर मलाही कळतं.

पंगतीत मला मानाचा पाट. ताटात शेंगोळ्या, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. समोर बसलेली पोरं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, तसं वसुलीला आलेल्या माणसाकडंही कुणी बघत नसेल. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं. तात्या तेवढे खुशीत होते. म्हणाले, बगा, यंदा कुनालाच तूट न्हाई.

कॉलेजातलं भाषण पार पडलं. मग फेब्रुवारीचा पगार आला. नोकरदाराचा फेब्रुवारी तुम्हाला माहीतच आहे, वर्षाचा राहिलेला आयकर त्यातच कापतात. सासुरवाडीच्या त्या अख्ख्या अंगणात सरकारला आयकर भरणारा मी एकटाच होतो, आणि माझा काही माफ झाला नव्हता. हातात उरलेला आकडा अश्विनीनं दोनदा वाचला.

"बघा," ती म्हणाली, "बोकड सुटला, कापले गेलात तुम्ही."