केलोचा गिटारवाला का गेला

फिनलंडमधल्या वाल्केअकोस्की गावात कुणालाही विचारा, केलो बँड म्हणजे कोण, तर एकच नाव सांगतील: इल्पो राउहाला. तसा तो गात नाही, गाणी लिहीत नाही, स्टेजवर तर तोंडातून ब्र काढत नाही. मागे बसून ड्रम वाजवतो, झालं. पण पन्नास वर्षांत चौदा माणसं आली नि गेली, आणि ड्रमच्या मागचं माणूस तेवढं तेच राहिलं. म्हणून बँड त्याचा.

१९७३ साली चौघांनी सुरुवात केली. चौघंही कागदाच्या कारखान्यातले, एकाच पाळीतले. सराव दर गुरुवारी सहा वाजता, अग्निशामक दलाच्या जुन्या इमारतीत, जिथे पूर्वी पाण्याचे पाइप टांगून वाळवायचे. गुरुवारी घरोघर वाटाण्याचं सूप नि वर पॅनकेक. ते हादडून चौघं यायचे, त्यामुळे पहिला अर्धा तास कुणाच्या अंगात जोर म्हणून नसायचा. नाव इल्पोनेच ठेवलं. केलो म्हणजे उभ्या उभ्या वाळलेलं पाइनचं झाड. मेलं तरी शंभर वर्षं पडत नाही.

माणसं मात्र भराभर गळाली. पहिला गायक स्वीडनला गेला, जास्त पगाराच्या मागे आणि एका पोरीच्याही मागे. बेसवाल्याला देव भेटला आणि बेस वाजवणं पाप आहे असं त्याला कळलं. बेसच का, साधी गिटार का नाही, ते त्या देवालाच ठाऊक! त्याच्या जागी आलेल्याला बायकोने विचारलं, बँड की मी? तो बिचारा दोन दिवस विचार करत बसला, तेवढ्यात दोन्ही गेलं. एक कीबोर्डवाला गेला तो कीबोर्ड घेऊनच गेला, आणि कीबोर्ड बँडचा होता. दर वेळी इल्पो एवढंच म्हणायचा, "बरं." पुढच्या गुरुवारी नवा माणूस हजर.

ओइवा लेह्तोचं तसं नव्हतं. तो पहिल्या चौघांतला, इल्पोच्या शाळेतला, त्याच्या लग्नातला साक्षीदार. बँड रॉकचा असला तरी उन्हाळ्यात तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात टँगो वाजवावा लागायचा, नाहीतर वयस्कर जोडपी हिरमुसून बाकावर जाऊन बसायची. तो टँगो वाजवावा तर ओइवानेच. आता वेग वाढणार हे इल्पोच्या काठ्या हलायच्या आत त्याला कळायचं. सतरा वर्षं दोघं असे वाजवत राहिले. मग १९९०च्या ऑक्टोबरात एका गुरुवारी ओइवा आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. आणि त्यानंतर कधीच नाही.

इल्पोने विचारलं नाही. आता तुम्ही म्हणाल, हा काय गाढवपणा! ओइवाचं घर सरावाच्या इमारतीपासून चारशे पावलांवर. पण आमच्या हामे भागात माणूस येईनासा झाला तर त्याची काहीतरी कारणं असतील आणि ती त्याची त्याच्यापाशी, असं धरून चालतात. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न सांगता शिरणं. दोघं दर शनिवारी दुकानात समोरासमोर यायचे.

"नमस्कार."

"नमस्कार."

"यंदा तळ्यावर बर्फ लवकर धरलं."

"धरलं खरं."

तेहेतीस वर्षं हेच! इल्पोची बायको मार्केत्ता एकदा वैतागून म्हणाली, "तळ्याची एवढी विचारपूस करतोस, जरा माणसाची कर की." इल्पोने पेपरचं पान उलटलं. पण त्याला ते सलत होतं. ओइवानंतर पाच गिटारवाले झाले. प्रत्येकाबरोबर वाजवताना वेग वाढवायच्या आधी इल्पो मान वर करून बघायचा, आणि प्रत्येकाला खुणेने सांगावं लागायचं. चांगले होते सगळे, ओइवाहून सफाईदारही असतील. इल्पोला त्यांच्यात करमायचं नाही, एवढंच.

पन्नासावं वर्ष लागलं. जूनमध्ये, मिडसमरच्या सणाला, तळ्याकाठच्या मंडपात मोठा कार्यक्रम ठरला, आणि नेमका नाताळात पाचवा गिटारवाला गाव सोडून गेला. जाहिरातीचं काम सान्नीकडे होतं. ही बेस वाजवते आणि गाते, एरवी बालवाडीत शिकवते. मूळची कारेलियाची, आणि तिकडची माणसं बोलतात. पोस्टरवर आजवरच्या सगळ्यांची नावं नि वर्षं घालायची असं तिच्या डोक्यात आलं. मार्चमधल्या एका सरावाला ती वही घेऊनच आली.

"ओइवा लेह्तो, त्र्याहत्तर ते नव्वद. का सोडलं त्याने?"

"माहीत नाही," इल्पो म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे? विचारलं नाहीस?"

"त्याची मर्जी."

"भांडलात?"

"छे."

"मधे कुणी बाई?"

"काहीतरीच काय!"

"अरे, मग तेहेतीस वर्षं करत काय होतास तू?" सान्नीने वही मिटली. "आमच्याकडे शेजारचं कुत्रं दोन दिवस दिसलं नाही तर सगळी गल्ली गोळा होते. तू जाऊन विचार. नाहीतर मी जाते, आणि मी विचारलं की साऱ्या गावाला ऐकू जाईल, सांगून ठेवते."

या धमकीने काम केलं. शनिवारी दुकानात इल्पोने बर्फाचं नाव काढलं नाही. "सौना तापवतोय," तो म्हणाला. "पाचला ये." ओइवा हातातल्या दुधाच्या खोक्यावरची तारीख बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "बरं."

पाचला दोघं त्या वाफेच्या न्हाणीघरात वरच्या फळीवर उघडेबंब बसले. आमच्याकडे अवघड बोलायचं ते तिथेच बोलतात. अंधूक उजेड, अंगावर कापड नाही, आणि कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. तापल्या दगडांवर दोन पळ्या पाणी पडलं, वाफ उठली, विरली. तिसऱ्या पळीला इल्पोने विचारलं, "का गेलास?"

"कुठून?"

"बँडमधून."

ओइवाने कपाळावरचा घाम पुसला. "मी? मला तर तुम्ही काढलंत ना?"

मग सगळं बाहेर आलं. एवढीशी गोष्ट! ओइवाची अक्कलदाढ सुजली होती. तोंड उघडत नव्हतं, म्हणून फोन केला नाही आणि त्या गुरुवारी आला नाही. पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं उशिरा पोचला. दारात आला तर आतून गिटार ऐकू येत होती, त्याचाच टँगो, दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांतून. एक गाणं संपेस्तोवर तो बाहेर उभा राहिला आणि गिटार घेऊन घरी परत गेला.

"तो यार्मो होता!" इल्पो ओरडला. "कारखान्यात नवा लागलेला. गिटार घेऊन नुसता ऐकायला आला होता. तुझा पत्ता नाही, म्हणून म्हटलं, आजच्यापुरतं वाजव."

"अकरा वर्षं वाजवलं की त्याने."

"कारण तू आला नाहीस!"

"मला वाटलं, ठरलंय तुमचं. शनिवारी दुकानात भेटलास तेव्हा तू बर्फाचं बोललास. म्हटलं, चला, मिटलं."

"अरे, पण दार का नाही वाजवलंस?"

"तू फोन का नाही केलास?"

इल्पोला असा संताप आला की त्याने भरलेली पळी एका दमात दगडांवर फेकली, आणि चटक्याने दोघांनाही गुडघ्यांत डोकं घालावं लागलं. त्यात त्याला रडू फुटलं. सत्तरीला टेकलेला माणूस, पण हमसून हमसून रडला. एका दाढेपायी, एका न केलेल्या फोनपायी सगळं आयुष्य मित्रावाचून गेलं, याचं त्याला अतोनात वाईट वाटलं. ओइवा शेजारी बसून राहिला. त्याने पाणी घालायचं तेवढं बंद केलं.

बाहेर पायरीवर टॉवेल गुंडाळून बसल्यावर इल्पोने विचारलं, "गिटार आहे?"

"पलंगाखाली."

"गुरुवारी सहाला ये. कार्यक्रमाला तीन महिने आहेत."

"बोटं आखडलीत रे."

"माझे गुडघे कुठे धड आहेत?"

"बघू," ओइवा म्हणाला. आमच्याकडे बघू म्हणजे हो पण असतं आणि नाही पण.

गुरुवारी इल्पो साडेपाचलाच जाऊन बसला. घरी सूपही अर्धंच प्यायला. सहा वाजले, सव्वासहा झाले. सान्नी बेसच्या तारा जुळवत होती, जुळलेल्या पुन्हा जुळवत होती. सहा वीसला आताचा कीबोर्डवाला म्हणाला, "जाऊ दे आता, सुरू करू. येत नाही म्हणजे नसेल यायचं. त्याची मर्जी."

इल्पोने काठ्या खाली ठेवल्या. पन्नास वर्षांत सराव सोडून तो कधी उठला नव्हता. कोटही न घालता तो बाहेर पडला आणि वितळत्या बर्फाच्या चिखलातून दुखरे गुडघे ओढत निघाला. चारशे पावलं त्याला चार मैलांसारखी वाटली. ओइवाच्या दारापाशी पोचल्यावर घंटेवर ठेवलेलं बोट त्याने दार उघडेपर्यंत काढलंच नाही.

दारात ओइवा उभा. पायात बूट, डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात गिटारची पेटी. नुसता निघायचा बाकी.

"साडेपाचपासून असाच बसलोय," तो खाली बघत म्हणाला. "मग वाटलं, त्या दिवशी तुला भरून आलं होतं, त्या भरात बोललास. आता घरी जाऊन पस्तावला असशील. सांगायचं कसं म्हणून तुला उगाच संकोच."

इल्पोला धाप लागली होती. शेजारचा माणूस अंगणातलं बर्फ फावड्याने ओढत होता, तो हळूच थांबला.

"मला तू हवा आहेस," इल्पो म्हणाला. "गिटार वाजव, नाहीतर नको वाजवूस. तू नव्हतास ते मला फार जड गेलं. अजून जातं."

असं वाक्य त्याने मार्केत्तालाही कधी ऐकवलं नव्हतं. त्याचे कान लालबुंद झाले. ओइवाने गिटारची पेटी उंबऱ्यावर टेकवली.

"काय म्हणालास?" त्याने विचारलं.

ऐकू त्याला स्वच्छ आलं होतं, कान चांगले होते त्याचे. पण तेहेतीस वर्षांनी कानावर पडलेलं एकदा ऐकून कसं भागायचं? इल्पोलाही ते कळलं. त्याने शेजाऱ्याकडे एकदा बघितलं, घसा खाकरला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या खेपेला चांगलं मोठ्याने.