बाबांच्या वाट्याला आलेलं औषध

बाबांना रक्ताचा कॅन्सर आहे हे कळूनही बराच काळ उपचार नव्हते. हा प्रकार हळू वाढतो, गरज पडली की औषध सुरू करू, असं अमरावतीच्या डॉक्टरीण बाई म्हणायच्या. एसटीतून निवृत्त झालेल्या माझ्या ड्रायव्हर बापाला ते पटायचं नाही. "इंजिन आवाज करून राहिलं, अन् ह्या म्हणतात चालवत राहा."

पुढे मानेत गाठी आल्या. तेव्हा बाईंनी नव्या औषधाच्या एका चाचणीबद्दल सांगितलं. आधी कुठलंही औषध न घेतलेल्या निम्म्या रुग्णांना दोन नव्या गोळ्या एकत्र देणार, निम्म्यांना नेहमीचं सलाइनमधलं औषध. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.

दवाखान्यात आमच्याच बाकावर बाळापूरचे एक टेलर बसायचे. त्यांना हाच आजार होता, आणि तेही त्याच चाचणीत होते. अकोल्याहून आम्ही एकाच बसने अमरावतीला जाऊ लागलो. बाबा त्यांना मास्टर म्हणत. बाबांना गोळ्या मिळाल्या, मास्टरांना सलाइन.

बाबांच्या गाठी विरल्या, भूक परतली. मास्टर मात्र दर खेपेला वाळलेले दिसत. सलाइननंतर उलट्या, मग ताप. एकदा बसमध्ये बाबांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"मास्टर, यातल्या अर्ध्या घ्या. कोणाले समजत नाही."

मास्टरांनी पाकीट बाबांच्याच खिशात परत घातलं. "तुमाले काही झालं तर या पोरीले मी काय सांगू?"

पावसाळ्यात त्यांच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि अकोल्याच्या दवाखान्यात ते वारले. आम्ही बाळापूरला भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने, भाभींनी, पाणी आणून दिलं. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती.

"तुमीबी अमरावतीले त्याच दवाखान्यात होते ना?" त्यांनी विचारलं. "तुमाले आराम पडला?"

"हो," बाबा म्हणाले.

"यायले काहून नाई पडला मग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं समजावून सांगता आलं असतं, पण भाभींसमोर कॉम्प्युटरचं नाव घ्यायला माझी जीभ उचलली नाही.

परवाच्या तपासणीत बाबांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. डॉक्टरीण बाई हसून ते सांगत होत्या. बाबांनी विचारलं, "चाचणी संपली की या गोळ्या बाकीच्या लोकायले भेटतील का?"

"वेळ लागेल, काका."

बाबांनी मान हलवली आणि पुढच्या तपासणीचं रक्त द्यायला शर्टाची बाही वर केली.